एकोणीस सेकंद

आमच्या सरांच्या तासाला पंखा बंद असायचा. जालन्याचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांनाच याचा अर्थ कळेल. वर पंखा आहे, वीज आहे, आणि खाली तीसेक पोरं-पोरी घामानं निथळत राजकीय सिद्धांत शिकतायत. कुणी बटण दाबायला उठलं की सर हात वर करायचे. "राहू द्या. त्याच्या आवाजात मला तुम्ही ऐकू येत नाही."

आम्ही तर तोंडच उघडत नसायचो.

पण त्यांची शिकवायची रीतच तशी होती. राज्याची आज्ञा माणूस का पाळतो, असा एखादा प्रश्न फळ्यावर लिहायचे, खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटायचे. एक मिनिट जायचं, दोन जायची. बाहेर रिक्षा, भंगारवाला, कुणाचा तरी फोन. वर्गात मात्र बाक करकरायचा नाही. एकदा असंच डोळे न उघडता म्हणाले, "तिसऱ्या बाकावर दोघांना पटलेलं नाही. खिडकीपाशी एकाने प्रश्न ऐकलेलाच नाही. आणि अगदी मागे कुणीतरी घाबरलेलं आहे, पण ते माझ्या प्रश्नाला नाही." मागं बसलेली परतूरची पोरगी ओढणी तोंडात धरून रडायला लागली. तिच्या घरच्यांनी तिची सोयरीक परस्पर पक्की केली होती. ही गोष्ट तिनं शेजारच्या मैत्रिणीलासुद्धा सांगितली नव्हती.

मी राज्यशास्त्राची बाई आहे. अंगात येणं, भूतखेत, यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरात पुस्तक हातात धरलेली मी पहिली, त्यामुळं न मानण्याचा मला चार माणसांपेक्षा जास्त अभिमान आहे. तरी जे पाहिलं ते पाहिलं, जे ऐकलं ते ऐकलं. तेवढंच लिहिते.

सर आमच्या भागातले नव्हते. बोलणं पुस्तकी, शुद्ध. लग्न केलेलं नव्हतं. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद, आणि पायात रबरी तळाच्या चपला, म्हणजे चालताना आवाज नको. 'हो' या शब्दावर त्यांचा भारी राग. आपण "हो सर" म्हटलं की ते संशयानं बघायचे. "हो म्हणायला काय लागतं? भीती वाटली की माणूस हो म्हणतो, घाई असली की हो म्हणतो, भूक लागली की हो म्हणतो. तुम्ही आधी गप्प बसा. मग मला कळेल."

फोन आला की उचलून कानाला लावायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. आपणही गांगरून गप्प व्हायचो. मग तिकडून यायचं, "बोला, मंठ्याच्या बाई." मी मंठ्याकडची. नंबर साठवलेला नसायचा. साध्या तारेच्या फोनवरसुद्धा हेच.

स्टाफरूममध्ये त्यांना लोक टरकून असत. एकदा आमच्या कॉलेजातले एक जुने लिपिक वारले. शोकसभा झाली, दोन मिनिटं स्तब्धता पाळली. सगळे पांगत होते तेवढ्यात सर प्राचार्यांजवळ गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चौघांनी पाळली नाही. आणि एकाला आनंद झालेला आहे."

प्राचार्य म्हणाले, "अहो सर, काहीही काय बोलता! मयताच्या दारात!"

"मी बोलत नाही. मी ऐकलं ते सांगितलं."

महिन्याभरात त्या लिपिकाच्या खुर्चीवर जो बसला, त्याच्याकडं पुढची कितीतरी वर्षं कुणी सरळ बघितलं नाही. तेव्हापासून शोकसभेत आमचे प्राध्यापक मनातल्या मनात पाढे म्हणायला लागले. एकानं मला स्वतः सांगितलंय, "मॅडम, मी तर एकोणतीसचा धरतो. लई अवघड हाय, दुसरं काही डोक्यात येतच न्हाई."

माझी आणि त्यांची गाठ एमएच्या पहिल्या दिवशी पडली. हजेरी झाली आणि त्यांनी विचारलं, "हा विषय तुम्ही सगळ्यांनी स्वखुशीने घेतला आहे का?" सगळा वर्ग एका सुरात "हो सर!" मी गप्प. मला इंग्रजी साहित्य पाहिजे होतं, तिथं जागा उरली नव्हती. खोटं कशाला बोला.

सरांनी मान वळवली. "तुम्ही. कुठल्या?"

"मंठा तालुका, सर."

"गाव?"

"पुनर्वसन."

आमचं गाव माझ्या जन्माआधीच धरणाच्या पाण्यात गेलं. सरकारनं वर माळावर प्लॉट पाडून दिले. त्या नव्या वस्तीला कागदावर जुन्या गावाचंच नाव आहे, पण कंडक्टरपासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला पुनर्वसन म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. नवरदेवाच्या पत्रिकेवरसुद्धा तेच छापतात.

सरांनी खडू ठेवला. दोन्ही हात रुमालानं पुसले, एकेक बोट वेगळं पुसतात तसे, आणि वर्गाबाहेर निघून गेले. दोन दिवस आले नाहीत. पोरं मला म्हणायली, "काय गं, काय करणी केली?" तिसऱ्या दिवशी आले, काही झालंच नाही असं शिकवायला लागले. पण त्यानंतर मी गप्प बसले की ते माझ्याकडं असं बघायचे, जसं माणूस तपासणीच्या रिपोर्टचं पाकीट हातात घेऊन बसतं आणि उघडत नाही.

एमए झालं, मी पहिल्या वर्गात आले, आणि सरांकडंच पीएचडीला नाव घातलं. तेव्हा पहिल्यांदा जालन्यातच, मस्तगडला, त्यांच्या घरी गेले. खाली एका बाईंचं घर होतं, त्या शिवणकाम करायच्या, सगळा मोहल्ला त्यांना खाला म्हणायचा. वर सरांच्या दोन खोल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर खालांनी मला अडवलं.

"पढने को आई क्या बेटा?"

"हो खाला."

"एक बात बोलूँ? तुम्हारे सर के कमरे में दोपहर को लोगां बैठते. बहोत लोगां. जीने पे चपलां नहीं दिखते, आवाज नहीं आती. पर बैठते सो समझता." मग मशीनवर पाय ठेवत पुटपुटल्या, "चाय भेजूँ तो कितने कप भेजूँ, येच समझ में नहीं आता."

मी हसले. वर गेले तर खोलीत भिंतभर कॅसेटी. साध्या, पूर्वी गाण्यांच्या मिळायच्या तसल्या. प्रत्येकीवर बारीक अक्षरात चिठ्ठी, पण गावाचं नाव पहिलं नाही, पहिला आकडा. 'सहा सेकंद, शाळाखोली, पाऊस.' 'अकरा सेकंद, पार, बायका मागे.' जिल्हाभरच्या ग्रामसभा होत्या त्या. सभेत ठराव वाचतात, मग विचारतात, कुणाची हरकत आहे का. त्यानंतर गाव जेवढा वेळ गप्प राहतं, तेवढं सरांना पाहिजे होतं.

ते असं का करत होते, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, म्हणून मीही ठेवत नाही.

सर तिशीत होते तेव्हा त्यांनी एक निबंध लिहिला होता. विषय मूक संमती. राज्यशास्त्रातला हा जुना वाद आहे. आपण कुणीच उठून सरकारला 'आमच्यावर राज्य करा' असं म्हटलेलं नसतं. मग राज्याला आपली संमती आहे हे कशावरून? तर एक मत असं, की माणूस तिथं राहतो, रस्ता वापरतो, हरकत घेत नाही, म्हणजे त्यानं न बोलता संमती दिली. हे सगळं पुस्तकातलं. सरांना ते आपल्या मातीत दाखवायचं होतं. नदीकाठच्या एका गावात धरणाच्या ठरावासाठी सभा आहे असं कळलं, तर टेपरेकॉर्डर घेऊन हे तिथं हजर. अधिकाऱ्यानं ठराव वाचला, विचारलं, "कुणाची हरकत आहे का?" गाव एकोणीस सेकंद गप्प राहिलं. त्या एकोणीस सेकंदांवर सरांनी बावीस पानं लिहिली. शांतता म्हणजे संमती, आणि तीही बोललेल्या संमतीपेक्षा खोल, असं.

निबंध गाजला. परिसंवादाची बोलावणी आली, पाठ्यपुस्तकात त्यातला उतारा आला, चाळिशीच्या आत सर विभागप्रमुख झाले. आणि त्या निबंधाची एक प्रत कुणीतरी धरणाच्या फायलीत नेऊन लावली. गावानं खुशीनं जागा सोडली याचा विद्वान माणसानं दिलेला दाखला म्हणून.

ते गाव माझं होतं.

"मग चुकलं कुठं, सर?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

चुकलं कुठं, हे त्यांना एका शिपायानं सांगितलं होतं. आमच्या कॉलेजचे शिपाईमामा पोराची सोयरीक बघायला घनसावंगीकडं चालले होते. सोबत वजनदार माणूस पाहिजे म्हणून सरांना घेऊन गेले. पोरीच्या घरी ओसरीत घोंगडी अंथरली, पाणी झालं, पोहे झाले, पोरगी बघून झाली. मामांनी विचारलं, "मंग काय म्हणता पाव्हनं?" पोरीचा बाप गप्प. चुलता गप्प. आतून दुसरा चहा आला. तो पिऊन झाला. मामा उठले, टोपी घातली, रामराम करून निघाले. सर खुश. एसटीत बसल्यावर म्हणाले, "अभिनंदन मामा, जमलं की!"

"काय जमलं सर? न्हाई म्हणले ना ते."

"कधी म्हणाले?"

"आवो, गप्प बसले न्हाई का? दुसरा चहा आला तवाच मी समजून गेल्तो."

"पण तोंडाने कुठे नाही म्हणाले?"

मामा हसले. "सर, आपल्या घोंगडीवर बसलेल्या माणसाला तोंडावर न्हाई म्हणत असतेत का? तुमी बी एवढं शिकून..."

सरांनी घंटी वाजवली आणि कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, माळावर, भर उन्हात एसटीतून खाली उतरले. मामांना वाटलं पोटात कळ आली असेल. सर रस्त्याच्या कडेला उभे. त्या अधिकाऱ्यालाही आमच्या गावानं घोंगडीवरच बसवलं होतं. सरांना स्वतःलाही. सर त्यावर मांडी घालून टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले होते.

त्या दिवसानंतर सरांनी एक ओळ लिहिली नाही. कॉलेजच्या तपासणीला समित्या यायच्या, मागच्या पाच वर्षांतलं लेखन विचारायच्या. सर कोरा कागद सही करून द्यायचे. पगारवाढ अडली, बढती अडली, त्यांनी कुणाला अर्ज केला नाही. त्यांना फक्त त्या सभेत बसलेल्या एका तरी माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं की त्या दिवशी गावाचं काय म्हणणं होतं. तेवढं ऐकलं की ते निबंध मागं घेणार होते. नुसत्या अंदाजावर मागं घेणार नव्हते. अंदाजावरच तर एकदा लिहून बसले होते.

"मी पाच वेळा तुमच्या पुनर्वसनला जाऊन आलो," सर म्हणाले. "दरवेळी घोंगडी अंथरली, चहा दिला. मी विचारलं. सगळे गप्प बसले."

त्यांना कारण कळत होतं. तरी दुसरा इलाज सापडत नव्हता.

त्यांनी कपाट उघडलं. आमच्या गावाची कॅसेट वेगळी, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली. माझं काम या सगळ्या कॅसेटी ऐकून कागदावर उतरवून काढायचं होतं, तर सुरुवात हिच्यापासून. मी टेप लावला. अधिकाऱ्याचा आवाज, बैलाची घंटा, कुणाचं तरी खाकरणं. वीसेक मिनिटं ठराव, कलमं, नकाशा. मग, "कुणाची हरकत आहे का?"

शांतता.

एक बांगडी वाजली. लांब शेळी ओरडली. कुणीतरी मातीत पायाचा अंगठा घासत होतं. मी मोबाईलवर वेळ लावली होती. एकोणीस सेकंद झाले, तीस झाले, मिनिट झालं. दोन मिनिटं अकरा सेकंदांनी अधिकाऱ्याचा आवाज आला, "हरकत नाही असं समजून ठराव मंजूर करण्यात येत आहे."

"सर, निबंधात तर एकोणीस लिहिलंय."

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सुटका झाल्यासारखा. "तुम्हालाही?" म्हणाले.

त्यांच्याकडं वही होती. पहिली कितीतरी पानं एकोणीस, एकोणीस, एकोणीस. मग एसटीतून उतरले त्या तारखेला तेवीस. मग सव्वीस. मग चाळीस. शांतता वाढत चालली होती, आणि कॅसेट तर तेवढीच होती, म्हणजे पुढचं काहीतरी कमी होत होतं. "ठरावानंतर अगदी शेवटी मी म्हणालो होतो, 'बंद करतो आता,'" सर म्हणाले. "आधी तो माझा आवाज गेला. मग सरपंचांनी आभार मानले होते, ते गेले. आता चहाचे कप वाजतात तेवढे राहिलेत."

मी शिकलेली बाई. मी म्हटलं, टेप ताणला असेल, मोटार मंद झाली असेल. कॅसेट आणि टेपरेकॉर्डर पिशवीत घालून मस्तगडच्या उतारावर दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं सगळं उघडून बघितलं. "मोटर बराबर, पट्टा बराबर. ढीली होती तो साहब का आवाज मोटा नहीं आता?" हे खरं होतं. अधिकाऱ्याचा आवाज दोन्हीकडं सरळ होता, फक्त मधली शांतता लांबत होती. त्यानं कॅसेट शेवटपर्यंत ऐकली, स्क्रू बसवले, काही घेतलं नाही. "मॅडम, ये मेरी दुकान में और मत लाना."

"का?"

"ये लोगां मेरे कू देख के चुप बैठे, ऐसा लगता."

तीन वर्षं मी त्या खोलीत काम केलं. शांतता चार मिनिटांवर गेली, साडेपाचवर, सातवर. चहाचे कप गेले. मला सवय झाली म्हटलं तर खोटं होईल. दुपारी टेप लावला की खोली भरल्यासारखी व्हायची, आणि मी नकळत पाय आखडून बसायची, कुणाला लागू नये म्हणून.

आणि याच तीन वर्षांत सरांचे कान जायला लागले.

आधी फोन गेला. उचलून गप्प राहायचे आणि गप्पच राहायचे. मग वर्गात डोळे मिटायचे आणि बराच वेळ काही सांगायचेच नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मशीन लावूनही फार तर काही महिने ऐकू येईल. सर मला म्हणाले, "मला मरायची भीती नाही. पण आता सगळंच शांत व्हायला लागलंय. त्यातली तुमच्या गावाची शांतता कोणती, हे मला ओळखू येईनासं होईल. मग मी कुणाला विचारू?"

सभेला बसलेली बरीच माणसं मेली, बाकीची पोटामागं पांगली; ठावठिकाणा माहीत असलेले आता तिघंच उरले होते. एकीला काही आठवत नव्हतं. एक लेकाकडं लांब गेला होता. तिसरे माझे वडील.

मी आण्णांना कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरात जुन्या गावाचं नाव निघालं की आण्णा उठून ढोरांकडं जायचे. त्या रविवारी मी विचारलं.

"आण्णा, सर इचारतेत. त्या सभेत तुम्ही होते ना?"

"व्हतो."

"मंग काय म्हणणं होतं गावाचं?"

"कशाला उकरून काढती बाई? पाणी येऊन गेलं."

"त्यांचे कान चाललेत आण्णा. त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचंय. मी त्यांना इकडं घेऊन येते, तुम्ही फक्त एकदा..."

"इकडं नको." आण्णा एकदम बोलले. "इकडं आला की मला घोंगडी टाकावी लागन. घोंगडीवर बसला की त्यो पाव्हना. मंग त्येला मी काय सांगू? पाच येळा आल्ता, पाच येळा माझं तोंड शिवून बसलं." मग बराच वेळ बैलाच्या दाव्याची गाठ सोडत राहिले. गाठ बिलकुल घट्ट नव्हती. "असं कर. मीच येतो त्येच्याकडं. तिथं पाव्हना मी. पाव्हन्याला बोलायला कोण आडवतंय?"

एवढी साधी गोष्ट. सरांना वीस वर्षांत सुचली नाही, मला पीएचडीचं नाव घालून सुचली नाही.

पुढचं सांगण्याआधी सर आता कुठं आहेत ते सांगून टाकते. ते निवृत्त होऊन बहिणीकडं राहायला गेले. अजिबात ऐकू येत नाही. खोलीत पंखा दिवसभर गरगर चालू असतो म्हणे, बहीण बंद करायला गेली तर हसतात. मला पोस्टकार्ड पाठवतात, त्यात फक्त प्रश्न असतात, राजकीय सिद्धांताचे. मी उत्तरं पाठवते. कॅसेट माझ्याकडं आहे. मी ती परत लावलेली नाही.

आण्णा आले ते बुधवारी, बाजार करून, दुपारी एकच्या सुमारास. खालांनी जिन्यात त्यांना सलाम केला आणि मला हळूच म्हणाल्या, "अब्बा को क्यूँ लाई बेटा? ऊपर जगा नहीं."

वर सरांनी सतरंजी अंथरली होती. "बसा," म्हणाले.

"बसत न्हाई सर. उभ्यानंच बोलतो." आण्णांनी पटका काढून काखेत धरला. "लावा तुमचं ते."

मी टेप लावला. मागच्या वेळी शांतता इतकी लांबली होती की अधिकाऱ्याचं वाक्य अर्ध्यात, 'हरकत नाही असं सम' इथं, कॅसेट संपून तुटलं होतं. सरांना हे मी लिहून दाखवलं होतं. ते कानातल्या मशीनचं बटण दाबत, माझ्या तोंडाकडं बघत बसले होते.

ठराव संपला. "कुणाची हरकत आहे का?"

आण्णांनी मान खाली घातली. बांगडी वाजली. "पारूबाई," आण्णा म्हणाले. "हिरव्या भरल्या व्हत्या तवा." शेळी ओरडली. "तात्याची. दुसऱ्या दिशी इकली त्यानं." कुणी खोकलं, आण्णांनी त्याचंही नाव घेतलं. सगळी मेलेली माणसं. मातीत अंगठा घासल्याचा आवाज आला, त्याचं नाव मात्र आण्णांनी घेतलं नाही. त्यांच्या पायाकडं माझं लक्ष गेलं. सरांच्या फरशीवर त्यांचा उजवा अंगठा तसाच, त्याच लयीत, मागंपुढं होत होता.

पाच मिनिटं झाली. सहा. उन्हाची तिरीप सतरंजीवर आली होती, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी होते, कारण मला खरंच जागा नव्हती. सात. आठ.

"हाय," आण्णा म्हणाले.

मोठ्यानं नाही. समोरच्या माणसाला सांगावं तसं, टेपकडं बघून. "साहेब, हरकत हाय."

टेपमधली शेळी थांबली. अंगठा थांबला. मग खरखरीच्या मागून कुणीतरी बाईनं श्वास घेतल्यासारखं झालं, आणि तिच्या मागून एक, आणि त्याच्या मागून आणखी. शब्द लागत नव्हते. भरलेली सभा एकदम बोलायला लागली की जो गलका होतो, तो हळूहळू वर येत होता, विहिरीतून पाणी वर यावं तसा. आण्णांनी डोळे मिटले.

"काय म्हणाले?" सरांनी विचारलं. "बोलले का काही? काय म्हणाले?"

त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ना आण्णा, ना टेप. मी ओठ ठळक हलवून सांगितलं, "आण्णा म्हणाले, हरकत आहे." मग त्यांचा हात धरला आणि टेपरेकॉर्डरच्या जाळीवर ठेवला. जाळी थरथरत होती. इतकी, की वरची धूळ उडत होती.

सरांनी दुसरा हातही ठेवला. अधिकाऱ्याचं वाक्य आलं नाही. बाजू संपली, खटका पडला, तरी त्यांचे हात तिथंच. मग त्यांनी माझ्याकडं न बघता कागद ओढला, पेनाचं टोपण दातानं काढलं आणि लिहायला लागले. एवढ्या वर्षांत त्यांना लिहिताना मी पहिल्यांदा बघत होते. अक्षर छापल्यासारखं.

आण्णा म्हणाले, "बराबर लिव्हलंय का बघ ते."

मी वाकून मोठ्यानं वाचलं. "मूक संमतीविषयीचा माझा निबंध मी मागे घेत आहे. त्या सभेला हजर असलेल्या एका गावकऱ्याने ठरावास हरकत असल्याचे मला समक्ष सांगितले."

"एक कसा?" आण्णा म्हणाले. "एक न्हाई. समदं गाव हाय. आत्ता ऐकलं न्हाई का तू?"

मी ऐकलं होतं. मी शिकलेली बाई, आणि मी ऐकलं होतं. सर माझ्या तोंडाकडं बघत होते. पुरावा काय, साक्षीदार किती, हे सगळं त्यांनीच मला शिकवलेलं. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, 'एका गावकऱ्याने' यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'गावाने'.

सरांनी ते वाचलं, आणि खाली सही केली.